दाजींच्या नावावर

सकाळचे सव्वानऊ वाजलेत, दाजींच्या नावावर आठ हाफ चहा लिहून झालेत आणि गाडीचा अजून पत्ता नाही.

हातकणंगल्यात सांगली-कोल्हापूर रस्त्याच्या कडेला हे हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन बाकडी, गॅसवर चहाचं पातेलं आणि शेजारच्या कढईत फुगत असलेले वडे. मालक उधारी वहीत मांडतो. नाव लिहायचं आणि त्याच्यापुढं रेघा मारायच्या. चार उभ्या, पाचवी आडवी. अशी पाचाची एक पेंडी. दाजींच्या नावापुढं एक पेंडी पुरी झालीय, दुसरीतल्या तीन रेघा उभ्या आहेत. हाफ दहा रुपयांना.

डिसेंबर २०२५ मधला रविवार आहे. कारखान्यांचा हंगाम भरात आहे, त्यामुळं रस्त्यावरनं उसाचे ट्रॅक्टर तुटत नाहीत. मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं कपाटाएवढे स्पीकर. ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं येतं आणि ट्रॅक्टर गेल्यावरही बाकडं थोडा वेळ थरथरत राहतं. ‘सैराट’ लागून नऊ वर्षं झाली, पण ट्रॅक्टरवाल्यांच्या लेखी तो गेल्या शुक्रवारीच लागलाय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर इथनं जवळच आळत्याला, नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत. एकवीस वर्षं झाली. ब्रेक ड्रम, फ्लायव्हील हाऊसिंग, इंजिनाचे ब्लॉक असलं कास्टिंग कोल्हापुरातल्या फौंड्र्यांतनं देशभरच्या वाहन कारखान्यांना जातं. दाजींच्या हाताखालनं किती गाड्यांची हाडं गेली असतील याला हिशेब नाही. स्वतःच्या दारात मात्र एक मोटारसायकल. आता गाडी घ्यायचीय. दीड एकर उसाचं बिल, भिशीचा लागलेला नंबर आणि वर थोडं पतसंस्थेचं कर्ज, असा मेळ घालून चार लाख उभे राहिलेत. एका एजंटानं २०१८ची पांढरी स्विफ्ट आणतो म्हणून सांगितलंय. मागतोय चार लाख दहा. नवाला येणार होता.

मी कोल्हापुरातनं सकाळच्या पॅसेंजरनं आलोय. काल रात्री दाजींचा फोन आला, “पाव्हणं, या की उद्या. गाडी बघायचीय, चार माणसं असलेली बरी.” चार माणसं म्हणजे किती, ते इथं आल्यावर कळलं. बाकड्यांवर जागा नाही म्हणून दोघं मोटारसायकलवर बसलेत आणि एक जण तेलाच्या रिकाम्या डब्यावर. कुणालाच बोलावलेलं नाही. गाडी घ्यायचीय एवढं दाजींनी काल इथं चहा पिताना एकदा म्हटलं होतं. सल्ला फुकट मिळतो असं म्हणतात. इथं दहा रुपये पडतो.

तात्या एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाकड्यावर बसताना उजवा पाय पुढं टाकून, टाच टेकवून, चवडा मोकळा ठेवूनच बसतात. त्यांना मुळात ही सगळी भानगडच पसंत नाही.

“तुझी आई किती वर्षांची रं?” ते दाजींना विचारतात.

“सत्त्याहत्तर.”

“म्हंजे पंच्याहत्तरच्या फुडं. एसटी फुकाट. बायकूला निम्मं तिकीट. तू कंपनीच्या बसनं जातूस. मग गाडी कुणाला पायजे?”

पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली ती २०२२च्या ऑगस्टात आणि बायकांना निम्मं तिकीट झालं ते २०२३च्या मार्चात. तात्यांना दोन्ही महिने पाठ आहेत आणि दोन्हींचं श्रेय जणू त्यांच्याकडंच आहे. दाजी थोडा वेळ गप्प राहतात. मग कप खाली ठेवतात.

“तात्या, धा वर्सं झाली. कुणाचं बी लगीन असू दे, कुणाची बी गाडी असू दे, मला मधल्या सीटवर बसवत्यात. मागं, मधी. पाय वर घिऊन.”

यावर कुणी हसत नाही. डब्यावर बसलेला माणूस मान हलवतो. तोही बहुतेक मधल्या सीटवरचाच असावा.

इचलकरंजीचे आप्पा खरं तर पाव्हण्यांना गाडीवर बसवून द्यायला स्टेशनात आले होते. इचलकरंजी एवढी वस्त्रनगरी, पण गावाला रेल्वे नाही. त्यांचं स्टेशन आठ-नऊ किलोमीटरवरचं हातकणंगलेच. मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ची, तेव्हापासनं इचलकरंजीच्या माणसाला गाडी पकडायची तर आधी इथं यावं लागतं. पाव्हणे गेले, आप्पा चहाला थांबले आणि विषय कानावर पडल्यावर हललेच नाहीत. त्यांचे माग होते बारा, आता आठ चालू आहेत. त्यांच्या मते जगात गाडी एकच झाली, मारुती ८००. १९८३च्या डिसेंबरात दिल्लीत पहिली किल्ली दिली तिथपासनं २०१४ला ती बंद पडली तिथपर्यंतचा सगळा इतिहास ते सांगणार असं दिसतं. तेवढ्यात मालक मधे पडतो, “आप्पा, त्यातली एक तुमच्या शेडात उभी हाय न्हवं? कोंबड्या बसत्यात की तिच्यात.” आप्पा कबूल करतात. पण इंजिन अजून एका हाकेत उठतं, असं वर सांगतात.

माझा भाचा बारावी होऊन डिप्लोमाला गेलाय. त्यानं महिनाभर दुसरं काही केलेलं नाही. फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघतोय. त्याचं म्हणणं सरळ आहे. जुनी घ्यायचीच कशाला? २२ सप्टेंबरपासनं चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरनं अठरावर आला. वरचा एक टक्का उपकर गेला तो वेगळाच. नवी स्विफ्ट आता शोरूमला पाच लाख एकोणऐंशी हजारांपासनं मिळते. मग सात वर्षं वापरलेली चार दहाला कशी?

मुद्दा बिनतोड आहे. नवीचा भाव उतरला की जुनीचाही उतरतो, हे जुन्या बाजारातल्या प्रत्येकाला कळतं. जो विकायला बसलाय तो मात्र ते कळलं नाही असं दाखवतो. दाजी फोन हातात घेऊन आकडे बघतात. फौंड्रीत वजन-मापाची सवय असल्यानं त्यांना आकडा उघडून बघायची खोड आहे. “ह्यो भाव शोरूमचा,” ते म्हणतात. “ह्याच्यावर रोड टॅक्स अकरा टक्के, म्हंजे चौसष्ट हजार. इन्शुरन्स. थर्ड पार्टीचा तीन वर्साचा एकदमच भराय लागतोय. आन् ह्यो सगळ्यात खालचा मॉडेल.” भाचा गप्प होतो. सर्वांत खालचं मॉडेल त्याला स्वतःलाच नको आहे. त्याला सनरूफ पाहिजे.

“सनरूफ कशाला?” तात्या विचारतात.

“वर उभं ऱ्हाता येतंय.”

“वर उभं ऱ्हायाला तू काय आमदार हाईस?”

मालक आठ कपांचा ट्रे फिरवतो. मी वहीकडं बघतो. तीन पेंड्या पुऱ्या झाल्या आणि चौथीला एक रेघ.

मग पेट्रोल निघतं. भाचा सांगतो की २०१८ची गाडी वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेलीच नाही, तसल्या गाड्या २०२३च्या एप्रिलपासनं आल्या. जुनीत अ‍ॅव्हरेज पडतं, रबराचे पाइप लवकर जातात. एवढं बोलायचा अवकाश, मोटारसायकलवर बसलेले बापू खाली उतरतात. बापूंचा पाच एकर ऊस आहे.

“त्ये इथेनॉल कुणाचं हाय?” ते विचारतात. “आमच्या उसाचं हाय. त्याला वाईट म्हणायचं न्हाई.”

“मी वाईट न्हाई म्हणत, बापू. अ‍ॅव्हरेज...”

“अ‍ॅव्हरेज पडू दे. एफआरपी तर निघतीय.”

यंदा एफआरपी टनाला साडेतीन हजारांवर पन्नास आहे, सव्वादहा उताऱ्याला. त्यातनं तोडणी-वाहतूक जाते. या तालुक्यात ऊसदराचं आंदोलन न बघितलेला माणूस सापडणार नाही, इथल्या खासदारकीची निवडणूकसुद्धा उसाच्या भावावर लढवून जिंकता येते. त्यामुळं इथेनॉलविरुद्ध बोलायचं तर आवाज खाली आणूनच. खरं तर आता देशातलं इथेनॉल उसापेक्षा मक्यापासनं जास्त होतंय, पण हे मी बापूंना सांगत नाही. भाचाच शहाणपणा करून त्यांना एक काडी हातात देतो, ब्राझीलनं तर ऑगस्टपासनं तीस टक्के केलंय. “बघा!” बापू सगळ्यांकडं बघतात, जणू ब्राझीलचा ठराव आत्ताच आळत्याच्या सोसायटीत मंजूर झाला. गंमत अशी की स्वतः बापूंची गाडी डिझेलची आहे.

पावणेदहा. दाजी एजंटाला फोन लावतात आणि स्पीकर सुरू करतात, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. “मालक, धा मिनटात पोचतो. चालतंय की?”

चालतंय की. हे दोन शब्द कोल्हापूरचेच, आमच्या आज्या-पणज्यांपासनंचे. पण २०१६ला ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली, राणादाच्या तोंडी ते आले आणि मुंबई-पुण्यातली माणसंही कोल्हापूरकर दिसला की ते म्हणायला लागली. मालिकेतला वाडा इथनं फार लांब नाही, वसगड्याला. मालिका जोरात होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिथं वाडा बघायला येणाऱ्यांची रीघ असायची. हॉटेलवाला सांगतो, त्याचा भाऊ तिथं जाऊन तासभर उभा राहिला, राणादा दिसला नाही, पण वाड्याच्या दारात फोटो काढला आणि तो अजून फ्रेममधे आहे. “मालिका संपली, वाडा हाय तसाच हाय,” तो म्हणतो आणि कढईत झारा फिरवतो.

डब्यावरचा माणूस या सगळ्यात एक अक्षर बोललेला नाही. आता तो फोन पुढं करतो. नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यात बोरगावला झालेल्या बैलगाडी शर्यतीचं रील. धूळ, आरोळ्या आणि मधनं दोन बैल बाणासारखे निघालेले. शर्यती बंद होत्या तेव्हा या भागात खोंड विकायची पाळी आली होती. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि २०२३च्या मेमध्ये त्यावर शिक्का बसला. तेव्हापासनं बक्षिसं वाढत वाढत गेलीत. बोरगावला पहिलं बक्षीस फॉर्च्युनर होतं.

“दोन बैलांनी फॉर्च्युनर मिळिवली,” तो माणूस म्हणतो, “आन् आपण चौदा माणसं स्विफ्टला बसलोय.”

तात्या हसून हसून खोकतात. मग सावरून विचारतात की बक्षिसाची गाडी नावावर करताना टॅक्स कोण भरतो. यावर अर्धा तास चर्चा होऊ शकली असती, पण पांढरी स्विफ्ट वळून हॉटेलापुढं उभी राहते.

गाडी सुरेख दिसते, हे कबूल केलं पाहिजे. धुतलेली, टायरला काळं पॉलिश मारलेलं, सीटवर नवी कव्हरं, मागच्या काचेवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. नंबर प्लेट जुनीच आहे. हाय सिक्युरिटी प्लेट अजून बसवलेली नाही. एजंट म्हणजे चोविशीचा पोरगा, डोळ्यावर गॉगल, हातात दोन फोन. दार उघडतो तेव्हा आतनं मोगऱ्याच्या वासाचा लोट येतो. इतका की वड्यांचा वास मागं हटतो.

“फर्स्ट ओनर. डॉक्टरांची गाडी. नवरा-बायको दोघंबी डॉक्टर, फकस्त रविवारी काढायचे.”

महाराष्ट्रातल्या सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात आणि त्या सगळ्या रविवारीच बाहेर पडतात. मग आठवडाभर हे डॉक्टर दवाखान्यात कशानं जातात, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

बाकडी रिकामी होतात. गाडीभोवती कडं पडतं. कुणी टायरला लाथ मारतो, कुणी बॉनेटवर बोटाची टिचकी मारून कान लावतो. पत्रा पातळ आहे, असा बापूंचा निकाल. जाड पत्र्याची गाडीच खरी, हे मत इथं सार्वत्रिक आहे. २०१८च्या डिसेंबरात टाटाच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले तेव्हापासनं तर त्याला धर्माचं रूप आलंय. आता आपल्या देशाची स्वतःचीही तसली चाचणी आहे, भारत एनकॅप. दाजी पहिल्यांदाच बापूंना मोडतात, हळूच.

“जाडीवर न्हाई ओ बापू. फुडचं धडकल्यावर चेपाय पायजे, आन् माणूस बसतोय तेवढी पेटी चेपाय न्हाई पायजे. दोन्ही एकाच गाडीत कराय लागतंय. आमच्यात ब्लॉकची भिंत जाड झाली तर क्वालिटीवाला त्यो ब्लॉक भंगारात टाकतोय.”

एकवीस वर्षांत दाजी इतकं बोललेले मी ऐकलेलं नाही.

रिक्षातनं आक्का आणि मावशी उतरतात. मावशी म्हणजे दाजींची आई. आक्काच्या हातात पिशवी आणि पिशवीत नारळ, हळद-कुंकू, दोन लिंबं. म्हणजे हिनं घरीच ठरवून टाकलंय. मी विचारतो तर म्हणते, “असू दे, मी घिऊन आलो. ऐनवेळी कुठं धावायचं?” आमच्याकडं बायकाही ‘मी आलो’च म्हणतात, पुण्याची माणसं याला हसतात, हसू देत.

मावशींना पुढच्या सीटवर बसवायचं ठरतं. त्या आधी पाठ टेकवतात, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतात. खाली बसताना एक सुस्कारा बाहेर पडतो. एसी लावतात, गाणं लावतात. मावशी समोरच्या काचेतनं बाहेर बघत राहतात.

“कसं वाटतंय?” दाजी वाकून विचारतात.

“हिरीत उतरल्यागत वाटतंय.”

एजंट घाईघाईनं सीट वर कशी होते ते दाखवायला जातो. ती मावशींच्या बाजूची होत नाही, ड्रायव्हरचीच होते. आप्पा पुटपुटतात की गुडघ्याच्या माणसाला वॅगनआरच बरी, दार मोठं आणि सीट उंच. तात्या म्हणतात एसटीला पायऱ्या असतात. मावशींना बाहेर काढायला दोन माणसं लागतात.

तरी दाजींचं मन गाडीवर बसलंय हे मला दिसतंय. ते स्टिअरिंगवर हात ठेवून उभे आहेत, आत न बसता, खिडकीतनं हात घालून. म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.

मिस्त्री सर्वांत शेवटी येतो. जुन्या एम-८० वरनं. पन्नाशीचा, बारीक, कानावर पेन्सिल. गावात त्याचं गॅरेज आहे आणि तो कमी बोलतो म्हणून महाग आहे. एजंट बॉनेट उघडून ठेवतो. मिस्त्री तिकडं बघतही नाही. तो मागचं दार उघडतो, आत बसतो आणि सीटबेल्ट ओढायला लागतो.

ओढतो, ओढतो, ओढतच राहतो. आपण बेल्ट लावतो तेव्हा हातभर बाहेर येतो, उरलेला खांबात गुंडाळलेला असतो, तो कुणी कधी बघत नाही. मिस्त्री तो सगळा बाहेर काढतो, मांडीवर घेतो आणि खिशातनं छोटी बॅटरी काढतो. वरचा पट्टा काळाकुळीत आहे. शेवटच्या दीड वितीत रंग बदलतो. काळ्याचा तपकिरी होतो आणि जिथं बदलतो तिथं आडवी रेघ आहे, पट्टीनं मारल्यासारखी. मिस्त्री त्यावरनं अंगठ्याचं नख ओढतो. नखात पिठासारखी बारीक माती येते. तो ती बोटावर चोळतो, नाकाला लावतो आणि हात दाजींच्या पुढं करतो.

दाजी वास घेतात. काही बोलत नाहीत.

“चहा सांडला असंल,” एजंट म्हणतो.

मिस्त्री दुसऱ्या बाजूला सरकतो, तो बेल्ट ओढतो. तीच रेघ. पुढं येतो. पुढचे दोन्ही. तीच रेघ, त्याच उंचीवर.

“चारी बेल्टवर?” तो विचारतो.

एवढं एकच वाक्य. मग तो सीटखालचं मॅटिंग उचलतो. सीटच्या रुळाचे बोल्ट तांबेरलेले आहेत, डोकी सोलून निघालीत. डिकीत स्टेपनी काढून खालचा खळगा दाखवतो. कोपऱ्यात वाळलेला गाळ आहे, भेगा पडलेला, तळं आटल्यावर पडतात तसल्या. मोगऱ्याचा वास आता मलाही वेगळा यायला लागतो.

२०१८ची गाडी. म्हणजे २०१९चा ऑगस्ट तिनं बघितलाय आणि २०२१चा जुलैही. त्या दोन्ही वर्षी पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची खूण कधीच मागं टाकली होती, सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाजवळ घरांत शिरली होती. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी येऊन तो बंद पडला, ट्रकांच्या रांगा मैलोगणती लागल्या. दाजी २०१९ला पाण्यापायी कामावर जाऊ शकले नव्हते. फौंड्रीतनं बाहेर पडलेल्यांना घरी जाता आलं नव्हतं आणि घरी असलेल्यांना फौंड्रीत. हे सगळं इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण बेल्टवरची ती रेघ बघेपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला या कामातला जाणकार समजून पॅसेंजरचं तिकीट काढून आलो होतो.

मिस्त्री नंतर, एजंट फोनवर बोलायला बाजूला गेल्यावर, सांगतो. पुरात गेलेली गाडी बऱ्याचदा विमा कंपनी ‘टोटल लॉस’ ठरवते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी लिलावात जाते. कुणीतरी ती स्वस्तात उचलतो, वाळवतो, वायरिंग जोडतो, सीट कव्हरं घालतो आणि दुसऱ्या गावात नेऊन विकतो. इंजिन धुऊन निघतं. वायरिंगच्या जोडांत आणि कॉम्प्युटरच्या डबीत ओल राहते ती वर्ष-दोन वर्षांनी बोलते. कधी हायवेवर दिवे जातात, कधी एअरबॅगचा दिवा लागून राहतो. बेल्ट मात्र बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण घेणारा तो शेवटपर्यंत ओढत नाही. म्हणून तो आधी बेल्टच बघतो. विम्याचे मागचे क्लेम कंपनीकडनं काढून बघा, एवढंही सांगतो.

एजंट परत येतो. आता तीन सत्तर म्हणतोय. दोन मिनिटांत तीन पन्नास. भाव असा भराभरा उतरायला लागल्यावर बाकड्यांवरची माणसं पुन्हा बाकड्यांवर जाऊन बसतात. तमाशा संपलाय हे त्यांना कळलंय. दाजी बॉनेट स्वतःच्या हातानं खाली घेतात, हळूच दाबून लावतात, दुसऱ्याच्या वस्तूला जपून हात लावावा तसं. “न्हाई जमणार,” ते म्हणतात. पोराला चहा पाजतात. तोही पितो, मान खाली घालून, आणि गॉगल लावून सांगलीच्या दिशेनं निघून जातो. पोरगा वाईट नसावा. त्यालाही ही गाडी कुणीतरी डॉक्टरचीच म्हणून दिली असणार.

आता सगळ्यांनी सगळं आधीच सांगितलेलं असतं. बापूंना पत्र्यावरनंच शंका आली होती. आप्पांना वासावरनं. तात्यांना तर मुळातच. डब्यावरचा माणूस म्हणतो, ती रेघ पंचगंगेची की कृष्णेची ते मात्र मिस्त्रीनं सांगायला पाहिजे होतं. मिस्त्रीला दाजी पाचशेची नोट देतात. तो घेत नाही. गाडी घेतली असती तर घेतले असते म्हणतो, चहा पितो आणि एम-८० ला किक मारतो. भाचा पुन्हा फोनमधे शिरलाय आणि नव्या गाडीचा हप्ता काढतोय, सात वर्षांचा. दाजी त्याच्या खांद्यावरनं वाकून बघतात. म्हणजे विषय मिटलेला नाही.

“आन् नारळ?” मी आक्काला विचारतो.

“रामलिंगाला फोडतो,” ती म्हणते. “वाटंवरच हाय. पैसं वाचलं न्हवं?” मावशी रिक्षात आधीच जाऊन बसल्यात. रिक्षात चढायला त्यांना कुणाचा हात लागला नाही.

पुढच्या रविवारी वडगावातनं एक वॅगनआर येणार आहे. मी येणार का, असं दाजी विचारतात. मी येतो म्हणतो. मालक कढईखालचा गॅस बारीक करतो, वही काढतो आणि बोटानं पेंड्या मोजतो. सात पुऱ्या. पस्तीस हाफ, तीनशे पन्नास रुपये, दाजींच्या नावावर.